दाखल्याची मुदत

दुपारी चार वाजता बायकोने नेहमीसारखा टॅब्लेट मांडीवर घेतला, बोटांनी चाचपत खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं, आणि मुलाच्या आवाजाऐवजी कोणी तरी अनोळखी बाई बोलली. "ही जोडणी विश्वासार्ह नाही. दाखल्याची मुदत संपलेली आहे." बाईच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. बायकोने परत बटण दाबलं. बाई परत तेच बोलली. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा स्वयंपाकघरात कपबश्या विसळत असलेला तो ओल्या हातांनीच बाहेर आला आणि दारात उभा राहिला. बायकोने मान थोडी डावीकडे वळवली. तिच्या नजरेचा मधला भाग चार वर्षांपूर्वीच गेला होता, फक्त कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे माणसाकडे बघायचं तर ती त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघे. "अहो," ती भिंतीकडे बघून म्हणाली, "ही कोण आलीय मधेच? त्याला बोलू देत नाहीये."

'त्याला' म्हणजे मुलाला. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या शहरात, कचेरीचा जिना चढताना तो मधल्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. चौतीस वर्षांचा होता. त्याआधीची तीन वर्षं, आईला अक्षर दिसेनासं होत चाललं तसा, तो तिच्यासाठी आवाजातली पत्रं पाठवायचा. आठवड्यातून चार, कधी पाच. आज काय खाल्लं, शेजारच्या इमारतीत कोण भांडलं, नवीन बुटाने टाच कशी सोलली. ही पत्रं कुठल्या परक्या कंपनीच्या गोदामात जायची नाहीत. घरातच, चपलांच्या कपाटावर, मुलाने स्वतः बसवून दिलेली एक काळी पेटी होती. तिला तो सर्व्हर म्हणायचा आणि घरात सगळे पेटीच म्हणायचे. एका बाजूने तिच्यातून कोमट वारा यायचा आणि पावसाळी दिवसांत बायको त्या वाऱ्यावर हातरुमाल वाळवायची. सहाशे चाळीस पत्रं पेटीत होती. मुलगा गेल्यावर बायकोने ती पहिल्यापासून ऐकायला घेतली, रोज एक, चार वाजता. दोन नाही. एक फेरी पुरी व्हायला पावणेदोन वर्षं लागली होती आणि आता दुसरी चालू होती. त्या वेळात तो कपबश्या विसळायचा. दोन माणसांच्या कपबश्या त्या किती, पण त्याला त्या चांगला अर्धा तास पुरायच्या. भिंतीपलीकडून आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. पत्राच्या शेवटी मुलगा "बाबा बरे आहेत ना?" असं विचारायचा की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. नळ बंद करून त्याने कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने सुचेल ते सगळं करून पाहिलं. टॅब्लेट बंद करून चालू केला. पेटीची तार काढली, फुंकर मारली, परत लावली. बायको सोफ्यावर हात मांडीत घेऊन बसली होती आणि दर वेळी ती बाई बोलली की मान किंचित हलवत होती, दारावरच्या चुकीच्या माणसाला नको म्हणावं तशी. "होईल गं," तो म्हणाला. "यंत्र आहे, बिघडणारच." सहा वाजता त्याने टॅब्लेट उशीखाली सरकवला. रात्री जेवताना पाणी पिता पिता बायकोने मधेच पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "एकशे बाराव्यावर होते मी. दात काढायला गेला होता त्या दिवशीचं." मग तिने पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने टोपीला फोन लावला. टोपी हा मुलाचा शाळेपासूनचा मित्र. बारा महिने टोपी घालायचा म्हणून टोपी. आता टक्कल पडलं होतं म्हणे, म्हणजे नावाला उशिरा का होईना कारण मिळालं होतं. तोही असल्याच पेट्यांच्या धंद्यात होता. जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून, फोन मोठ्या आवाजावर ठेवून दोघांनी काम सुरू केलं. टोपी एकेक अक्षर सांगायचा, तो एका बोटाने दाबायचा. "काका, सोपं आहे," टोपी म्हणाला. "टॅब्लेट पेटीला विचारतो, तू कोण? पेटी म्हणते, मी तुमच्या घरची. टॅब्लेट म्हणतो, कशावरून? मग पेटी दाखला दाखवते. दाखल्याखाली सही कुणाची आहे ते टॅब्लेट बघतो. सहीवाला ओळखीचा असला की दार उघडतं. तो दाखला पाच वर्षांचा होता, परवा संपला. नवीन करायचा, बस."

दाखला, सही, मुदत. हे शब्द ऐकून त्याला जरा बरं वाटलं होतं. एकतीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? सरकारी कचेरीतली सहा नंबरची खिडकी. लोक कागदाची नक्कल आणायचे, तो ती मूळ कागदाशी ओळ न ओळ ताडून बघायचा आणि मग खाली शिक्का मारायचा, मूळ प्रतीबरहुकूम. कचेरीत त्याचं नावच शिक्का पडलं होतं. शिक्का आला, शिक्का जेवायला गेला, शिक्क्याला विचार. लोक रडायचे, मूळ कागद पुरात गेला म्हणायचे, घरात आग लागली म्हणायचे, म्हातारी आई मरायला टेकलीय म्हणायचे. तो चष्म्यावरून बघायचा. एकतीस वर्षांत मूळ न बघता त्याने एकही शिक्का मारला नव्हता, आणि निरोप समारंभात साहेबांनी हेच बोलून दाखवलं होतं. घरी आल्यावर त्याने ते बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली होती.

"सही कुणाची आहे मग?" त्याने विचारलं.

"त्याचीच," टोपी म्हणाला. "त्याने घरच्या घरी स्वतःलाच दाखले देणारा करून टाकलं होतं. आम्ही सगळे करतो."

"स्वतःच स्वतःला दाखला?" त्याचा आवाज चढला. खिडकीवर असा कागद आला असता तर त्याने तो दोन बोटांत धरून परत ढकलला असता. "त्याला अर्थ काय? त्याच्या सहीला दाखला कोणाचा?"

"कोणाचाच नाही, काका. सगळ्यात वरच्याला कोण दाखला देणार? त्याच्यावर आधी विश्वास ठेवायचा, मग पुढचं सगळं सुरू होतं. मोठमोठ्या कंपन्यांचंही तसंच असतं." टोपीच्या तोंडात काही तरी होतं, तो चावत चावत बोलत होता. "तुमच्या शिक्क्याला तरी कोणाचा दाखला होता?"

शिक्का लाकडी मुठीचा होता आणि रुजू झाला त्या दिवशी तो टेबलाच्या खणात आधीच होता. बायको पलीकडे खुर्चीत बसून वाळलेले कपडे घडी करत होती. बोटांनी शिवण शोधायची, शिवणीला शिवण जुळवायची, हात फिरवायचा. टोपीने पुढची अक्षरं सांगितली, त्याने दाबली, आणि पडद्यावर एक ओळ आली. सही करायची किल्ली कुलपात होती आणि ते कुलूप परवलीच्या शब्दांनी उघडणार होतं. टोपीने खाणं थांबवलं. "हे मला माहीत नव्हतं, काका. त्याने सांगितलं होतं का कुणाला? पत्रंसुद्धा त्याच कुलपात आहेत. नुसत्या उपटून काढता येणार नाहीत. हे उघडलं नाही तर… खाली काही खूण आहे का? आपण विसरू नये म्हणून माणूस काही तरी लिहून ठेवतो."

होती. त्याने चष्मा पुसून ती मोठ्याने वाचली. "बाबांचं उत्तर."

बायकोचे हात एका बाहीवर थांबले. मग तिने ती बाही आत दुमडली आणि कपडा बाजूच्या चळतीवर ठेवला.

बाबांचं उत्तर. मुलाने आपली आठवण ठेवली होती, किल्लीवर ठेवली होती, ह्या विचाराने त्याला आतून कोमट वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली, की मेलेल्या पोराकडून हा माणूस अजून कौतुक गोळा करतोय. पण उत्तर कुठलं? पोराने काहीही मागितलं की तो "बघू" म्हणायचा. सायकल? बघू. सहल? बघू. त्याने "बघू" दाबलं. चूक. "आईला विचार" दाबलं. चूक. "नाही" दाबलं, सरळ, एकदाच काय ते. चूक. टोपीने वाढदिवस सुचवला, गाडीचा नंबर सुचवला, शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही सावकाश आठवा, मी उद्या याच वेळी फोन करतो." त्या दिवशीही चार वाजले आणि गेले. बायकोने टॅब्लेट मागितला नाही. ती खुर्चीतच बसून राहिली आणि त्याला वाटलं, थकली असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून तो उत्तरं आठवत होता. दाढी करताना, दुधाच्या रांगेत, जिन्यावर. आपण मुलाशी एवढं थोडं बोललो असू हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. बोटांवर मोजण्याइतकी वाक्यं निघत होती आणि त्यातलीही निम्मी पंखा बंद कर, दार लाव, असली. मग एक दिवस आठवला. तो दिवस तसा विसरला नव्हताच, फक्त त्या बाजूला तो फारसा जात नसे. मुलगा वीस वर्षांचा होता. महाविद्यालयातली प्रश्नपत्रिका परीक्षेआधी फुटली, आणि ज्या चार पोरांवर संशय होता त्यांत हा. पोरगा संध्याकाळी घरी आला, दप्तर खांद्यावरून न काढताच खोलीच्या मधोमध उभा राहिला, त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि म्हणाला, "बाबा, मी नाही केलं." एवढंच. खुर्चीत तो स्वतः होता, हातात वर्तमानपत्र होतं. आणि मग तो म्हणाला होता, "आधी जेवून घे." हे त्याला लख्ख आठवत होतं. आधी जेवून घे, मग बोलू. बापाने आणखी काय म्हणायचं असतं? पोराने हात धुतले होते, ताट घेतलं होतं. पुढचंही आठवत होतं. महाविद्यालयाचा एक कागद होता. चौकशी होईपर्यंत पोराला परीक्षेला बसू देतो, पण त्याच्या शब्दावर आमचा विश्वास आहे एवढं वडिलांनी लिहून सही करून द्यावं. तीन दिवस तो कागद टेबलावर होता. चौथ्या दिवशी त्याने त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, सदर बाब प्रत्यक्ष पाहिलेली नसल्याने साक्षांकित करता येत नाही. खाली सही. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. त्याने पाहिलं नव्हतं, मग लिहिणार कसा? पोराचं वर्ष गेलं. चार महिन्यांनी छपाईच्या खोलीतला माणूस पकडला गेला, त्यानेच फोडली होती. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. मुलगा आईशी बोलायचा, हसायचा, आणि त्याच्याशी विचारलं तेवढं बोलायचा, एखाद्या खिडकीवर बोलावं तसं. त्याला वाटायचं, वयात आलेली मुलं अशीच असतात.

टोपीचा फोन आला तेव्हा तो लॅपटॉपसमोर तयार होता. त्याने खात्रीने "आधी जेवून घे" दाबलं. पडदा क्षणभर कोरा राहिला. चूक. "आधी जेव." चूक. "जेवून घे मग बोलू." चूक. "असं कसं?" तो यंत्राला म्हणाला. "मी हेच म्हणालो होतो. मला चांगलं आठवतंय."

"जेवून घे मी म्हणाले होते," बायको म्हणाली.

ती त्याच्या मागे येऊन उभी होती. पावलांचा आवाज झाला नव्हता. "तुम्ही वर्तमानपत्र खाली केलं नाहीत. त्याने म्हटलं मी नाही केलं, आणि तुम्ही पेपराआडून म्हणालात, मूळ दाखव."

बाहेर रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं. ते दोन शब्द त्याने मनात पुन्हा ऐकले. एकतीस वर्षं, दिवसातून शंभरदा तो हेच म्हणायचा. मोठ्यांना मूळ दाखवा, पोरांना मूळ दाखव. तोंडातून निघताना त्यांना काही वजनच नसे. ते उत्तर नव्हतंच. मागणी होती. म्हणून तर उत्तरांत शोधताना ते सापडलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि हा सुद्धा एक बचावच आहे हेही लगेच कळलं. त्याने एका बोटाने ती अक्षरं दाबली. म, मग ऊकार, मग ळ. ळ दोनदा पडला, एक खोडावा लागला. यंत्राने कुरकुर केली नाही. किल्ली उघडली. पडद्यावर साधी एक ओळ आली, बरोबर आहे म्हणून.

म्हणजे खरं होतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पुराव्याशिवाय काही मानलं नाही त्याच्यासमोर आता पुरावा होता. पोराने किल्लीला हे शब्द का लावले असतील? रागाने? रागाने लावले असते तर ते सोपं झालं असतं. पण रागाचे शब्द असे वर्षानुवर्षं दाबत बसत नाही कोणी. दर वेळी लांबूनच पेटीत काही दुरुस्त करायला बसला की पोरगा हे दोन शब्द लिहीत असणार, त्या परक्या शहरात, बूट काढून, आईला आवाज पाठवायचा म्हणून. त्याला कधी विसर पडणार नाही असं ते एकच वाक्य बापाने त्याला दिलं होतं. त्याला रडू आलं नाही. फक्त वाटलं की आत्ता ह्या क्षणी मुलगा जिन्यावर बसला असता तर आपण धावत गेलो असतो, काहीही न विचारता. पण असं वाटण्याला आता कोणीच साक्षीदार नव्हता.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने मागे न बघता विचारलं.

"काल तुम्ही खूण वाचलीत तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? कालपासून तू… चार वाजता…"

"तुम्हाला आठवतं का बघत होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ आहे का बघत होते म्हणावं तसा. "सोळा वर्षं बघतेय. म्हटलं आता तरी."

टोपी खाकरला. "काका, आता फार नाही राहिलं. नवीन दाखला करायचा. तो मुदत विचारेल, किती दिवसांची. आकडा टाकायचा, मग सहीसाठी परवलीचे शब्द परत एकदा, की झालं. त्याने पाच वर्षांची टाकली होती. तुम्ही दहा टाका. छत्तीसशे पन्नास. म्हणजे परत कटकट नको."

त्याने तीन दाबला, सहा दाबला. दहा वर्षं. तो तेव्हा पंच्याहत्तरचा असेल, असला तर. परत हे शब्द लिहायची वेळ बहुधा येणारच नाही. ह्या हिशेबाने त्याला सुटल्यासारखं झालं, आणि नेमकं त्याच वेळी बायकोचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"थांबा," ती म्हणाली. मग फोनच्या दिशेने वाकून, "टोपी, कमीत कमी किती दिवसांचा होतो रे हा?"

"कमीत कमी? एका दिवसाचासुद्धा होतो, काकू. पण तसं कोणी करत नाही."

"आणि दर वेळी नवीन करताना ते शब्द लिहावे लागतात?"

"लागतात ना. त्याशिवाय सही होत नाही."

"मग एका दिवसाचा करा," ती म्हणाली.

टोपी हसला, मग हसायचा थांबला. "काकू, अहो, मग उद्या परत हेच. परवा परत. काकांना रोज बसावं लागेल."

"बसतील ना. रिकामेच असतात." तिने खांद्यावरचा हात काढला नाही. "मला पडद्यावरचं दिसत नाही, नाही तर मीच केलं असतं."

तो वळला. ती त्याच्याकडे बघत होती, म्हणजे त्याच्या कानाशेजारच्या भिंतीकडे. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला तर तो तिथे नव्हता. राग असता तर त्याला हात जोडता आले असते. "अगं, रोज?" तो म्हणाला. एवढंच निघालं. माफी मागायची म्हणून त्याने तोंड उघडलं होतं, पण शब्द आला तो हा.

"रोज. पावणेचारला बसायचं, म्हणजे चारला उशीर नको."

ती सोफ्यावर जाऊन बसली आणि टॅब्लेट मांडीवर घेऊन वाट बघू लागली. त्याने तीन आणि सहा खोडले. तिथे एक लिहिला. खालची रिकामी जागा उघडली, आणि तो परत ती अक्षरं दाबायला लागला, सावकाश, कारण ह्या वेळी त्याला एकही चुकवायचं नव्हतं.